कुत्र्यासाठी ब्लोअर घेतला, त्याला आठ महिने झाले

मे महिन्यात साडेसहा हजार मोजून कुत्र्यासाठी ब्लोअर आणला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "माझे केस जन्मभर पंख्याखाली वाळले." आता चिंगीची आंघोळ असली की त्याच आधी स्टूल ओढून बसतात. मधे डोंबिवलीचा अख्खा पावसाळा गेलाय, त्यामुळे खरं काय ते लिहायला हरकत नाही.

चिंगी पाच वर्षांची, नऊ किलोची. सोसायटीत तिला सगळे पॉमेरियन म्हणतात, पण आपल्याकडची बहुतेक पॉमेरियन असतात इंडियन स्पिट्झच, तशीच हीपण. केस दुहेरी: वर लांब आणि जाड, खाली कापसासारखी दाट लव. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात एका ग्रूमिंगच्या दुकानात "ताई, गरम होतंय तिला, झिरो मारून देतो" असं म्हणाले आणि मी मान डोलावली. लव भराभर आली, वरचे केस मात्र वर्षभर धड आलेच नाहीत. पाठ ठिगळं लावल्यासारखी दिसायची. हे केस ऊनही अडवतात, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. त्यानंतर सगळं घरीच.

तर ब्लोअर. हा आपल्या हेअर ड्रायरसारखा नाही. आपला ड्रायर गरम हवेने वाळवतो, हा जोराच्या वाऱ्याने पाणी केसांतून अक्षरशः उडवून लावतो. गरम हवेचं बटण आहे, पण मी ते कोमटच्या पुढे नेत नाही. आधी दोन टॉवेलांनी नीट टिपायचं, मग मागच्या पायांपासून सुरुवात करून पुढे यायचं. तोंडावर आणि कानांत वारा अजिबात नाही, तिथे टॉवेलच. पूर्वी पंख्याखाली चार तास लागायचे, आता पस्तीस मिनिटं. बाथरूममध्ये जो केसांचा पाऊस पडतो त्याची मात्र तयारी ठेवा. पहिल्या दिवशी माझ्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या.

खरा उपयोग जुलैत कळला. वरून हात फिरवला तर कुत्रं कोरडं लागतं, पण खालची लव ओलीच असते. मग खाज, चाटणं, आणि दोन दिवसांत लाल चिघळलेला चट्टा. मागच्या पावसाळ्यात मांडीवर असे दोन झाले होते, यंदा एकही नाही. ओल्या कुत्र्याचा तो कुबट वासही गेला. सगळं श्रेय यंत्राला देत नाही, कारण आंघोळही आठवड्यावरून तीन आठवड्यांवर आणली. शिवाय माणसांचा शाम्पू बंद केला. कुत्र्यांच्या कातडीचं पीएच (आम्लतेचं माप) आपल्यापेक्षा वेगळं असतं, आपल्या शाम्पूने ती कोरडी पडते.

आणि एक फायदा कुठल्याच जाहिरातीत नव्हता. वारा एका जागी धरला की भाताचं शेत लवावं तसे केस दोन्हीकडे आडवे होतात आणि मधे गुलाबी कातडी उघडी पडते. ऑगस्टमध्ये असाच कानामागे एक गोचीड दिसला, रक्त पिऊन एरंडाच्या बीएवढा झालेला. एरवी त्या दाट केसांत तो मला आठवडाभर सापडला नसता. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढला. (रॉकेल वगैरे लावू नका.) आदल्या वर्षी चिंगीला टिक फीव्हर, म्हणजे गोचीड चावून येणारा ताप, होऊन गेलाय, प्लेटलेट्स घसरल्या होत्या, 28 दिवस डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या चालल्या. त्यामुळे गोचीड दिसला की माझ्या पोटात गोळाच येतो. ब्लोअरने गोचीड मरत नाहीत, हेही सांगते. त्यासाठी डॉक्टरांनी दिलेली चघळायची गोळी दर महिन्याला चालूच आहे.

आता तक्रारी. आवाज प्रचंड, मिक्सरमध्ये सुकं खोबरं फिरवल्यासारखा. पहिले दहा दिवस यंत्र नुसतं दुसऱ्या खोलीत चालू ठेवून हिला उकडलेल्या चिकनचे तुकडे भरवले, मग रोज थोडं जवळ आणलं. घाई केली असती तर ती आंघोळीलाच घाबरली असती. दुसरं म्हणजे पिन मोठी, गीझरच्या प्लगलाच लागते. ते खोक्यावर लिहिलेलं नव्हतं, आणि आमचा तो प्लग बाथरूमच्या दाराबाहेर आहे म्हणून निभावलं. मागच्या फिल्टरमध्ये केस अडकतात, दर वेळी झटकला नाही तर यंत्र तापून बंद पडतं. पाचव्या महिन्यात पाइप सांध्याशी चिरला. कंपनीला तीन मेल केले, उत्तर एकच आलं, तेही "आपले मत आमच्यासाठी मोलाचे आहे". शेवटी चिकटपट्टी गुंडाळली, अजून टिकून आहे.

आणि हे घेतलं की कंगवा सुटला, असं समजू नका. कानांमागे आणि काखेत गुंता होतोच. तो आंघोळीच्या आधी स्टीलच्या कंगव्याने सोडवायचा, कारण पाणी लागलं की गाठ आणखी आवळते आणि वाऱ्याने तर चाबकाच्या वादीसारखी पिळते. दीडशे रुपयांच्या त्या कंगव्याचं काम या घरात अजूनही जास्त आहे. नखं मी कापत नाही. चिंगीची नखं काळी, आतली शीर दिसत नाही, एकदा रक्त काढून बसले. ते काम डॉक्टरांच्या कंपाउंडरचं.

लॅब्रॅडॉर, स्पिट्झ, जर्मन शेफर्ड असेल आणि घरी ऊन येत नसेल तर जरूर घ्या. आखूड केसांच्या गावठी कुत्र्याला टॉवेल पुरतो, पैसे वाया घालवू नका. आम्ही हल्ली रविवारी अकरानंतरच लावतो, कारण खालच्या मजल्यावरचे काका एकदा वर येऊन विचारून गेले, "टाइल्स कापताय का?"