चुन्यात बांधलेलं आमचं घर : दोन पावसाळ्यांनंतरचा अनुभव

रत्नागिरी जिल्ह्यातल्या लांज्याजवळचं आमचं जुनं घर उतरवायला घेतलं ते २०२२ च्या दिवाळीनंतर. मूळच्या चार खोल्यांच्या भिंती जांभ्याच्या, मातीत रचलेल्या. सांध्यात पहारीचं टोक घातलं की चिरा अख्खा मोकळा व्हायचा. वरची माती झटकली की झाला परत वापरायला तयार. मागचं न्हाणीघर मात्र सासऱ्यांनी १९९४ साली सिमेंटमध्ये बांधून घेतलेलं. तिथला एकही चिरा धड निघाला नाही. सांधा सुटायच्या आधी दगडच फुटायचा. आठवड्याभरात अंगणात एका बाजूला चिऱ्यांची नीट रचलेली रास होती आणि दुसऱ्या बाजूला ट्रॉलीभर डबर. ते दोन ढीग बघूनच आम्ही ठरवलं, नव्या भिंती चुन्यात रचायच्या. उद्या आमच्या नातवंडांना घर बदलावंसं वाटलं, तर त्यांच्याही हाती अख्खे चिरे लागले पाहिजेत.

आम्ही म्हणजे मी, माझे यजमान, सासूबाई आणि तेव्हा बारावीत असलेला आमचा मुलगा. घर बांधून झाल्यापासून चुन्याबद्दल विचारणारे फोन सारखे येतात. कुठून आणला, टिकतो का, पावसात धुपत नाही ना, महाग पडला का. प्रत्येकाला तेच परत सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून ठेवते. कौलं, पाणी, सौर पॅनेल यांचंही थोडं सांगेन, पण मुख्य सांगायचं आहे ते चुन्याबद्दल.

आधी हिशेब स्वच्छ करते. चुना म्हणजे पर्यावरणाला अगदी निरुपद्रवी वस्तू असं मी म्हणणार नाही. चुनखडी भट्टीत भाजावीच लागते आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतोच. पण सिमेंटच्या भट्टीला सुमारे १४५० अंश सेल्सिअस लागतात, चुन्याचं काम ९०० च्या आसपास भागतं. शिवाय भिंतीत बसलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड परत ओढून घेत हळूहळू दगड होतो. आमच्या घरात सिमेंट अजिबात नाही असंही नाही. कोयनेचे धक्के आमच्याकडे जाणवतात, म्हणून आर्किटेक्ट ताईंनी जोत्यावर आणि दारा-खिडक्यांच्या डोक्यावर काँक्रीटचे पट्टे घ्यायला लावले. न्हाणीघरं आणि पाण्याची टाकीही सिमेंटचीच. बाकी सगळ्या भिंती, आतले गिलावे आणि बाहेरचे दर्जे (चिऱ्यांमधल्या सांध्यांची भराई) चुन्याचे.

आता खरेदी. इथेच आमचं पहिलं नुकसान झालं. कळीचा चुना, म्हणजे भट्टीत भाजून काढलेली कोरडी ढेकळं, गोण्यांतून येतो, परराज्यातून. आम्ही जिल्ह्यातल्या एका विक्रेत्याकडून ३० गोण्या उचलल्या, पैसे रोख दिले. गवंडीमामांनी पहिल्या चार गोण्या टाकीतल्या पाण्यात ओतल्या आणि हात कमरेवर ठेवून उभे राहिले. पाणी उकळायला हवं होतं. ते नुसतं कोमट झालं. मामा म्हणाले, "ताई, ह्यो चुना मेलेला हाय. हवा खाऊन बसलाय." गोणीच्या तळाशी ढेकळं नव्हतीच, पिठासारखी भुकटी होती. विक्रेत्याशी बरीच बोलाचाली झाली, शेवटी निम्म्या गोण्या बदलून मिळाल्या. बाकीचा माल सफेदीला वापरला.

म्हणून पहिली विनंती ही, की पैसे देण्याआधी एक गोणी फोडायला लावा. मुठीएवढी एक कळी घमेल्यात ठेवा, तिच्यावर तांब्याभर पाणी ओता आणि लांब उभे राहा. ताजा चुना काही मिनिटांत फुसफुसतो, तडकतो, वाफ सोडतो आणि फुलून येतो. दुसऱ्या वेळी माझ्यासमोर हे केलं, तेव्हा कळीला आधी भेगा गेल्या, मग ती भाजलेल्या पापडासारखी फुगली आणि घमेलं हात लावता येऊ नये इतकं तापलं. असा चुना घ्या. आणि डोळ्यांना गॉगल, हातांना रबरी मोजे घातल्याशिवाय टाकीजवळ कोणालाही जाऊ देऊ नका. आमच्याकडे एका हाताखालच्या मुलाच्या डोळ्यात शिंतोडा गेला. लगेच वाहत्या पाण्याखाली डोळा धरला, नंतर दवाखान्यात नेला, म्हणून निभावलं. त्याच्या आईला फोन करताना माझा हात कापत होता. त्या दिवसानंतर गॉगल नसेल तर काम बंद, हा नियम माझ्या यजमानांनी शेवटपर्यंत पाळला.

विरवलेला, म्हणजे पाण्यात टाकून फुलवलेला चुना पाण्याखाली मुरू द्यावा लागतो. रचाईचा आमचा चुना तीन आठवडे मुरला. गिलाव्याचा मात्र अख्खा पावसाळा टाकीत राहिला, २०२३ च्या मे महिन्यापासून नोव्हेंबरपर्यंत. दोन्हींत फरक इतका, की माझ्यासारख्या बांधकामातलं काही न कळणाऱ्या बाईलाही तो बोटाला कळला. तीन आठवड्यांचा चुना दह्यासारखा होता, मध्ये कण लागायचे. सहा महिन्यांचा लोण्यासारखा. थापीने कापला की कड चकचकीत राहायची.

मालात एक भाग चुना, एक भाग सुरखी आणि दोन भाग वाळू. सुरखी विकत आणली नाही. जुन्या घराची फुटकी कौलं होती, ती कुटून चाळून घेतली. नुसता चुना कोकणातल्या दमट हवेत लवकर धरत नाही. भाजलेल्या मातीची पूड मिसळली की तो ओल्यातही घट्ट होतो, हे मामांच्या वडिलांच्या वेळेपासूनचं गणित. माल कालवायच्या पाण्यात गूळ आणि हिरडा आठवडाभर भिजत घातलेला. त्याचा आंबूस वास घरभर असायचा आणि गुळाला मुंग्या यायच्या. चुना मळायची बैलाची घाणी आता कुठे मिळणार? मामांनी मोटरवर चालणारी घाणी आणली होती. सकाळी तिची घरघर सुरू झाली की सासूबाई पडवीत येऊन बसायच्या. त्यांचं माहेर राजापूरकडचं. लहानपणी दारातल्या घाणीवर बसून बैल हाकल्याची आठवण त्यांनी मला पहिल्यांदा तेव्हा सांगितली, लग्नाला चोवीस वर्षं झाल्यावर.

कामाचा वेग कमी असतो, हे मनाशी पक्कं धरूनच उतरा. चिऱ्यांचे दिवसाला तीन थर झाले की मामा थांबायचे. वर वजन वाढलं की ओला माल दाबला जाऊन बाहेर येतो. सिमेंटच्या कामाची सवय असलेले दोन गवंडी या संथपणाला कंटाळून सोडून गेले. फेब्रुवारीत सुरू झालेल्या भिंती मेच्या मध्याला पुऱ्या झाल्या आणि मृगाच्या आत कौलं चढली. आतल्या गिलाव्याला पुढचा हिवाळा लागला. गिलाव्याची मजुरी आम्हाला सिमेंटच्या जवळपास दुप्पट पडली, कारण दोन हात (थर), मध्ये आठ-दहा दिवसांची विश्रांती, रोज दोन वेळा पाणी आणि शेवटी गुळगुळीत गोट्याने घोटाई. जुने चिरे, जुने वासे आणि घरचा फणस वापरल्यामुळे एकूण खर्च आवाक्यात राहिला. सगळंच नवं आणावं लागलं असतं, तर आम्हाला हे जमलं नसतं.

घाई केली की काय होतं, ते आमच्या स्वयंपाकघराच्या पूर्वेकडच्या भिंतीवर बघायला मिळेल. ९ एप्रिल २०२४ चा गुढीपाडवा धरून राहायला जायचं होतं आणि मार्चच्या मध्यापर्यंत ती एक भिंत बाकी होती. टाकीतला मुरलेला चुना संपला होता. मामांनी सांगितलं, थांबा, ही भिंत दिवाळीनंतर करू. मीच म्हटलं, उघड्या भिंतीसमोर गृहप्रवेश नको. नवा चुना आणून पाच दिवस विरवला आणि लावून घेतला. जूनपासून त्यावर वाटाण्याएवढ्या फुटकुळ्या उठायला लागल्या. आत न विरलेला कण राहिला, की तो भिंतीत बसल्यावर पाणी पितो, फुलतो आणि वरचा पापुद्रा उडवतो. सप्टेंबरपर्यंत ओट्याच्या वर पंधरा-वीस खड्डे दिसत होते. बाकी घरात असा एकही नाही. तीच माणसं, तीच वाळू, फरक फक्त मुरण्याचा. दोष चुन्याचा नाही, मामांचाही नाही.

आता पावसाळ्याचं. २०२४ च्या जुलैत पश्चिमेच्या भिंतीला आतून ओल दिसली, साधारण परातीएवढा काळपट डाग. माझा जीव खाली-वर झाला. तो ऑगस्टभर तसाच राहिला आणि नवरात्रापर्यंत आपोआप फिका होत गेला. पापुद्रा सुटला नाही, पांढरं मीठ फुललं नाही. शेजारीच दिरांचं घर आहे, तेही जांभ्याचंच, आतून सिमेंटचा गिलावा आणि त्यावर ऑइल पेंट. त्यांच्याकडे दरवर्षी रंगाचे फुगे येतात, कारण आत शिरलेल्या ओलीला बाहेर पडायला वाट नाही. चुन्याचा गिलावा ती वाट मोकळी ठेवतो. म्हणूनच त्याच्यावर प्लास्टिक पेंट कधीही लावू नका, सफेदीच द्या. सगळ्यात मोठा फरक सासूबाईंच्या ट्रंकेत कळला. जुन्या घरात श्रावणात ट्रंक उघडली की गोधड्यांना बुरशीचा वास यायचा आणि त्यांना शिंका सुरू व्हायच्या. दोन पावसाळे झाले, तो वास नाही.

२०२५ ने मात्र परीक्षा घेतली. मान्सून २५ मेलाच कोकणात उतरला आणि त्याच्या आधीपासूनच पाऊस कोसळत होता. पावसापासून भिंती झाकणारी आमची झडपं अजून बांधायची होती, माडाची चुडतं विणून पडवीत पडलेली. घराच्या उत्तर-दक्षिण बाजूंना कौलांची पाखं (छपराचे उतार) भिंतीच्या तीन फूट बाहेर आहेत, तिथे काही झालं नाही. पश्चिमेलाही ताईंनी नकाशात तेवढेच तीन फूट दाखवले होते. लाकूड वाचवायला आम्ही ते दीड केले. तिथे जमिनीपासून दोन फुटांपर्यंतचे दर्जे शिंतोड्यांनी धुपले, काही ठिकाणी बोटाचं पेर आत जाईल इतके. चिऱ्याला काही झालं नाही, जांभा उघड्यावर आणखी कठीण होत जातो. पण कोणी घर बांधत असेल तर माझं कळकळीचं सांगणं आहे, चुन्यात बांधायचं असेल तर छपराच्या पाखेत एक इंचही कमी करू नका.

कौलांबद्दल थोडक्यात. मंगलोरी कौलं आम्ही निम्मी जुनी वापरली. घर मेमध्येही थंड राहतं, दुपारी माजघरात पंखा लागत नाही. त्रास वानरांचा. फणस पिकले की टोळी येते आणि एका उडीत चार-पाच कौलं जातात. वर्षाकाठी शंभरेक कौलं जास्तीची ठेवावी लागतात आणि शाकारणीला चढणारा माणूस शोधावा लागतो. गावात लोक पत्र्याकडे का वळले, हे मला आता नीट समजतं.

पाण्याचा हिशेब मुलाने केला. छपराखालची जागा सुमारे १३० चौरस मीटर, आमच्याकडे पाऊस ३००० मिलिमीटरच्या वर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पडला की एक लिटर, म्हणजे वर्षाला ३,९०,००० लिटर नुसत्या छपरावर. पन्हळीतून १५,००० लिटरची टाकी भरते, बाकीचं वाळू-खडीच्या गाळणीतून विहिरीत सोडलं आहे. पूर्वी एप्रिलच्या शेवटी विहीर तळ दाखवायची, यंदा मेपर्यंत पंप चालला. पाऊसच लवकर आल्यामुळे खरी पारख पुढच्या वर्षी होईल. न्हाणीघराचं पाणी केळी आणि अळूला जातं. सौर पॅनेल तीन किलोवॅटचे बसवले, पंतप्रधान सूर्यघर योजनेतून ७८,००० रुपयांचं अनुदान खात्यात जमा झालं. पावसाळ्यात वीज कमी तयार होते, बाकी तक्रार नाही.

कोणाला सुचवीन? ज्यांना किमान दोन हिवाळे हाताशी आहेत, ज्यांच्याकडे जुने चिरे निघणार आहेत आणि मुख्य म्हणजे चुन्याचं काम केलेला गवंडी ज्यांना सापडला आहे, त्यांनी जरूर करावं. गवंडी आधी शोधा, आर्किटेक्ट नंतर. त्याने केलेलं, निदान तीन पावसाळे झालेलं घर जाऊन बघा, भिंतीवर हात फिरवा, घरातल्या बाईशी बोला. मुंबई-पुण्यात राहून फोनवर काम करून घ्यायचं असेल तर मी नको म्हणेन. भिंतीला सकाळ-संध्याकाळ पाणी मारायला घरचं माणूस लागतं. आमच्याकडे ते सासूबाईंनी केलं, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, बागेला पाणी घालायची झारी घेऊन. आजही येता-जाता त्या ओटीच्या भिंतीला तळहात लावून बघतात.

यंदा दिवाळीनंतर पश्चिमेचे दर्जे परत भरायचे आहेत आणि पाख दीड फुटाने वाढवायची आहे. स्वयंपाकघराच्या भिंतीसाठी दोन गोण्या चुना मी एप्रिलमध्येच स्वतः कळी तपासून आणला आणि विरवून टाकीत ठेवला. झाकण उघडून दर रविवारी बघते, वर चार बोटं पाणी आहे ना.