उपजिल्हा रुग्णालयातील दंतविभाग: उपचार चोख, वेळ मात्र वह्यांत

खालच्या डाव्या दाढेच्या दुखण्यापायी महिन्याभरात आमच्या तालुक्याच्या उपजिल्हा रुग्णालयातील दंतविभागात चार खेपा झाल्या आणि बाहेरच्या बाकावर बसून आत काय चालते ते पाहायला भरपूर वेळ मिळाला. उपचार उत्तम झाला, हे आधीच सांगतो. रूट कॅनाल व्यवस्थित झाले, दुखणे थांबले, आणि 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क असल्यामुळे केस पेपरलासुद्धा पैसे पडले नाहीत. दाढेवरची कॅप तेवढी तेथे बसवत नाहीत. ती बाहेरून करून घ्यावी लागते.

विभागात एक दंतशल्यचिकित्सक, एक सहायक आणि एकच खुर्ची आहे. डॉक्टरबाईंच्या कामाची मांडणी पाहण्यासारखी आहे. माझ्या आधीच्या आजोबांची हलणारी दाढ काढायची होती. त्यांना भुलीचे इंजेक्शन देऊन बाईंनी बाहेर बसवले आणि हिरडी बधिर होईपर्यंत खुर्चीवर दुसऱ्या रुग्णाची तपासणी उरकली. आजोबा परत आत गेले, मिनिटभरात दाढ निघाली, कापसाचा बोळा दाताखाली धरून ते उठलेदेखील. त्यानंतर मात्र बाई लिहीत बसल्या. केस पेपरवर एकदा, ओपीडीच्या रजिस्टरात एकदा, दंतविभागाच्या वेगळ्या वहीत एकदा आणि शेवटी संगणकावर, असे त्या आजोबांचे नाव, वय आणि गाव चार वेळा उतरले. दाढ काढण्यापेक्षा ती काढल्याची नोंद करायला अधिक वेळ लागला. हे काम सहायकाकडे का नाही, असे वाटेल. पण तो त्याच वेळी हत्यारे धूत होता.

हत्यारांच्या बाबतीत घाई करू नये, हे मलाही मान्य आहे. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे हत्यारे निर्जंतुक करण्याच्या यंत्रात, 121 अंश सेल्सिअसला किमान पंधरा मिनिटे वाफ द्यावी लागते, त्याआधी यंत्र तापायला आणि नंतर हत्यारे सुकायला लागणारा वेळ निराळाच, आणि तो कमी करा असे कोणी शहाणा रुग्ण म्हणणार नाही. परंतु आरसा, प्रोब आणि चिमटा यांचे मोजकेच सेट असल्यामुळे अकराच्या सुमारास सगळे एकदम यंत्रात जातात, आणि खुर्ची, डॉक्टर व रांग तिघेही थांबून राहतात. आणखी काही सेट घेणे हा नव्या खुर्चीच्या तुलनेत किरकोळ खर्च आहे.

ज्या वेळेबद्दल रांगेत सर्वाधिक कुरकुर झाली, तो मला सर्वांत सत्कारणी लागलेला वाटला. पंचविशीचा एक मुलगा दात किडला म्हणून आला होता. ‘आ कर’ म्हटल्यावर त्याचे तोंड पुरते उघडेना. त्याची स्वतःची तीन बोटे उभी आत जायला हवी होती, तेथे दोनच गेली. खिशात गुटख्याची पुडी होती, राज्यात 2012 पासून बंदी असूनही. बाईंनी किडलेला दात बाजूला ठेवला आणि तोंड आखडण्याचा हा आजार कर्करोगाकडे कसा वळू शकतो, हे त्याला आरशात गालाच्या आतला पांढरट पडलेला भाग दाखवून दहा मिनिटे समजावले. मागून एक गृहस्थ म्हणाले, “मॅडम, आमचाही नंबर घ्या की.” बाईंनी मान वर केली नाही.

माझी तिसरी खेप वाया गेली. बाई शाळेतील तपासणी शिबिराला गेल्या होत्या. शिबिर आवश्यकच आहे, पण तशी पाटी दारावर नव्हती आणि मला दिलेली तारीखही तीच होती. एसटीने बावीस किलोमीटर येऊन मी कुलूप पाहून परतलो. शिवाय त्या दिवशीची रांग दुसऱ्या दिवशीच्या रांगेत मिसळली, ते वेगळेच.

दाढ काढायची असेल तर सकाळी नऊच्या आत केस पेपर काढावा, म्हणजे हत्यारे यंत्रात जाण्यापूर्वी नंबर लागतो. रूट कॅनालला किमान तीन बैठका धराव्यात आणि प्रत्येक वेळी उठण्यापूर्वी सहायकाला विचारून घ्यावे, “दादा, त्या दिवशी मॅडम शिबिराला तर नाहीत ना?”