लाल वीट की एएसी ब्लॉक?

एएसी ब्लॉक म्हणजे भिंतीसाठीचा, दाबाच्या वाफेत पक्का केलेला सच्छिद्र काँक्रीटचा ठोकळा. वजनात तुलनाच नाही. विटेची भिंत घनमीटरला १,८०० किलोच्या आसपास, ब्लॉक ५५० ते ६५० किलो. अ‍ॅल्युमिनियम पावडरीमुळे मिश्रण ढोकळ्यासारखं फुगतं, आत बुडबुडे राहतात, म्हणून तो हलका. उंच इमारतीत त्यामुळे स्टील वाचतं, खोल्याही कमी तापतात. चार इंची भिंतीत एक ब्लॉक साधारण सहा विटांची जागा घेतो, काम झरझर उरकतं.

पण गवंडी विटेच्या सवयीने काम करतो, तिथेच घोळ होतो. ब्लॉक जोडायला पातळ थराचा तयार मसाला लागतो; जाड सिमेंट-वाळू थापली, ब्लॉक भिजवून चिंब केले की प्लास्टरला तडे आलेच. ब्लॉकची भिंत बीम-कॉलमला भिडते त्या सांध्यावर प्लास्टरखाली जाळी हवीच. ओल हा ब्लॉकचा खरा शत्रू. कोकणातल्या पावसात बाहेरचं प्लास्टर कच्चं असेल तर भिंत पाणी पिते. शिवाय साधा खिळा धरत नाही. गीझर, टीव्ही टांगायला खास अँकर लागतात.

भार भिंतींवरच पेलणारं गावाकडचं बैठं घर असेल, जवळ चांगली भट्टी असेल, तर मी वीटच घेईन. आरसीसी सांगाड्याच्या इमारतीत मात्र ब्लॉक.