६.५ क्रीडमूर आणि शेजाऱ्यांची जुनी थर्टी-ऑट-सिक्स: नऊ महिने दोन्ही वापरल्यावर

फेब्रुवारीत ६.५ क्रीडमूर या काडतुसाची शिकारी रायफल घेतली, आता नोव्हेंबर संपत आला. मधे साडेसहाशेच्या आसपास काडतुसं उडवली, एक प्राँगहॉर्न (हरणासारखं जनावर) चुकवलं, एक एल्क (मोठं हरीण) घरी आणलं, आता लिहायला हरकत नाही. बॉक्स उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी पाच स्टार देऊन मोकळे होणाऱ्यांचे रिव्ह्यू वाचूनच मी फसलो होतो, त्यामुळे मुद्दाम थांबलो.

मी डेन्व्हरजवळ राहतो, मूळचा कणकवलीकडचा. घरी आजोबांकडे शेती संरक्षणाच्या परवान्यावरची एकनळी बारा बोअर होती, माकडं-डुकरं हाकलायला. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायला जायचं, मी सायकलवर मागे बसून सोबत. बंदुकीशी माझा संबंध तेवढाच. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानंतर शिकार बंद आहे आणि ते योग्यच आहे. इथं कोलोरॅडोत मात्र लायसन्स, ड्रॉ (परवान्यांची सोडत), कोटा असं सगळं रीतसर असतं. तुम्ही काडतुसांचा डबा घेतला की त्यावरचा ११ टक्के केंद्राचा कर १९३७ च्या कायद्याप्रमाणे थेट वन्यजीवांच्या कामाला जातो, हे मला इथं येईपर्यंत माहीत नव्हतं.

तर दोन रायफली. पहिली शेजाऱ्यांची. वय ७८, मी अंकल म्हणतो, त्यांना तो शब्द आवडतो. थर्टी-ऑट-सिक्स काडतुसाची विंचेस्टर मॉडेल ७०, पन्नाशीच्या दशकातली, म्हणजे १९६४ च्या आधीची. १९६४ साली कंपनीनं खर्च वाचवायला ॲक्शन, म्हणजे काडतूस आत-बाहेर करणारी यंत्रणा, बदलली आणि तेव्हापासून जुनी ती खरी असं लोक म्हणतात. नुसतं नॉस्टॅल्जिया नाहीये ते. बोल्टवर (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा) जुन्या माउझर रायफलीसारखा लांब पंजा आहे, तो मॅगझिनमधून वर येणाऱ्या काडतुसाची कड धरूनच पुढे नेतो, उतारावर वाकडीतिकडी धरली तरी काडतूस निसटत नाही. सेफ्टी तीन जागांची, मधल्या जागी ठेवली की चाप बंद पण बोल्ट उघडतो, म्हणजे सेफ्टी न काढता रायफल रिकामी करता येते. वर साधा ३-९ चा स्कोप, म्हणजे ३ ते ९ पट मोठं दाखवणारी दुर्बीण. आमच्या राज्यात दोन माणसांतला व्यवहारही डीलरकडे जाऊन बॅकग्राउंड चेक करूनच होतो, तसा केला, ६०० डॉलर दिले. बाजारभाव बराच वर आहे, पण त्यांच्या खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती कपाटातच पडून होती.

दुसरी माझी नवी. कंपनीचं नाव घेत नाही, कारण खोड रायफलीची कमी आणि माझ्या हावरटपणाची जास्त. जाड नळी, लाकडी दस्त्याऐवजी ॲल्युमिनियमची चेसिस, नळीच्या तोंडावर धक्का कमी करणारा मझल ब्रेक, दोन पायांचा बायपॉड, वर ५-२५ चा स्कोप ज्याचं समोरचं भिंग ५६ मिलिमीटर. सगळं धरून सहा किलो भरते. अंकलनी हातात घेतली आणि म्हणाले, हिला चाकं कुठे आहेत. आयडाहोत १६ पौंडांच्या वरची रायफल शिकारीला चालत नाही म्हणे आणि नियम वाचून आधी मी हसलो होतो, पण अजून दोनचार ॲक्सेसरीज लावल्या असत्या तर मीपण तिथपर्यंत पोचलो असतो.

आता काडतुसांचं. थर्टी-ऑट-सिक्स म्हणजे .३० कॅलिबर, १९०६ साली अमेरिकन लष्करानं घेतलेलं. ६.५ क्रीडमूर हॉर्नडी कंपनीनं २००७ मध्ये काढलं, मुळात टार्गेटवाल्यांसाठी. बारीक आणि लांब गोळी, नळीच्या आतल्या खाचांना आठ इंचांत एक पीळ, हवा कापत जाते, धक्का कमी. नवीन नवीन म्हणून नाचतात, पण साडेसहा मिलिमीटरची लांब गोळी स्वीडन-नॉर्वेवाले १८९० च्या दशकापासून मूसवर (तिकडचं सांबरासारखं मोठं जनावर) वापरतायत. आणि नाव ज्या रेंजवरून आलं ती न्यूयॉर्कची क्रीडमूर रेंज, तिथं १८७४ साली अमेरिका विरुद्ध आयर्लंड मॅच झाली होती, ८००, ९०० आणि १००० यार्ड. आयरिश लोकांकडे ठासणीच्या रायफली! एका आयरिश पठ्ठ्यानं दुसऱ्याच्याच टार्गेटवर मधोमध गोळी मारली, ती शून्य धरली गेली आणि अमेरिका ९३४ विरुद्ध ९३१ अशी जिंकली. दीडशे वर्षांपूर्वी काळ्या दारूवर हजार यार्ड. त्यामुळे लाँग रेंजचं वेड आत्ताचं हे कुणी सांगितलं तर हसायचं. फरक इतकाच की ते लोक पाटीवर मारत होते.

मार्च ते जुलै रेंजवर. इथं नवीनला मानलं पाहिजे. १०० यार्डांवर पाच गोळ्या एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील अशा, दर वेळी नाही पण बहुतेक वेळा. जुनीचा ग्रुप दीड इंच, दोन इंच, आणि त्यातला निम्मा वाटा माझा. थर्टी-ऑट-सिक्सचा धक्का क्रीडमूरच्या दीडपटीहून जास्त बसतो, तिसऱ्या-चौथ्या गोळीनंतर माझं शरीर आधीच आक्रसायला लागायचं. अंकलनी एकदा मला न सांगता चेंबर रिकामं ठेवून रायफल हातात दिली, मी चाप ओढला, बार झालाच नाही आणि नळीचं तोंड चार बोटं खाली गेलं. मागे बसलेली दोन पोरं फिस्कन हसली. त्यानंतर महिनाभर .२२ (छोट्या काडतुसाची, जवळजवळ धक्का नसलेली रायफल) आणि घरी रिकाम्या रायफलीवर चाप ओढण्याचा सराव, भिंतीवर ठिपका काढून. आपला कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे पॅरिसला ५० मीटरमध्ये ब्राँझ घेऊन आला तो .२२ वरच, हे मी स्वतःला सारखं सांगत होतो. ही आक्रसायची सवय क्रीडमूरनं सुटायला मदत झाली हे प्रामाणिकपणे लिहितो, कारण कमी धक्क्यावर हात स्थिर झाला आणि मग तोच हात जुनीवरही टिकला.

मझल ब्रेक मात्र शाप आहे. धक्का कमी करतो पण आवाज सगळा बाजूच्या माणसाच्या कानात. छताखालच्या रेंजवर शेजारच्या बेंचवरचे लोक उठून लांब जाऊन बसायचे, एका बाईनं स्पष्ट सांगितलं की तू आल्यावर आम्ही निघतो. जुलैत काढून टाकला, त्याविनाही क्रीडमूर सहज झेपते.

आता मूळ मुद्दा, जो दुकानात कुणी सांगितला नाही. दोन्ही रायफली २०० यार्डांवर झिरो केल्या, म्हणजे तिथं नेम धरला तिथंच गोळी लागेल असे स्कोप बसवले. ३०० यार्डांवर थर्टी-ऑट-सिक्सची १८० ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) गोळी साडेआठ इंचांच्या आसपास खाली येते, क्रीडमूरची १४३ ग्रेनची आठच्या आसपास. म्हणजे फरक अर्धा इंच, बोटाच्या एका पेराहून कमी! ४०० ला दोन इंचांचा फरक. एवढ्यासाठी मी सगळा संसार बदलला? आणि ३०० ला जोर बघितला तर जुनीच पुढे. एल्कसाठी १५०० फूट-पौंड (गोळीच्या जोराचं माप) लागतात असा जुन्या लोकांचा ठोकताळा आहे (कायद्यानं इथं १०० यार्डांवर १००० पुरतात), त्या ठोकताळ्यानं क्रीडमूर साडेतीनशेच्या पुढे मागे पडते, थर्टी-ऑट-सिक्स चारशेच्या पुढे जाते. वाऱ्यात मात्र क्रीडमूर खरंच सरस, आणि ५०० च्या पुढे फरक डोळ्यांना दिसतो. पण ५०० च्या पुढे जिवंत जनावरावर मी मारावं का, हा प्रश्न काडतुसाचा नाहीच.

ऑक्टोबरात पूर्वेच्या मैदानात प्राँगहॉर्न. ३१० यार्ड, लेझरनं मोजलेलं, बायपॉडवर झोपून, वारा जवळजवळ नाही. याहून सोपा शॉट मिळणार नाही. चाप ओढला आणि माती उडाली पाठीच्या वर, पलीकडे. कळप धुरळा उडवत गेला. स्कोप बघतो तर वरची, नेम वर-खाली करायची चकती १.१ मिलनं (मिल म्हणजे कोनाचं माप) फिरलेली, पिशवीतून काढताना घासून. १.१ मिल म्हणजे त्या अंतरावर फूटभर वर. नशीब पूर्ण चुकली, अर्धवट लागली असती तर दिवसभर रक्त शोधत फिरलो असतो. उघड्या, लॉक नसलेल्या चकत्या रेंजवर मस्त, शिकारीत दर वेळी आकडा तपासायची सवय नसेल तर घेऊच नका. अंकलच्या स्कोपवर पितळी टोपणं आहेत, आत हात घालायला नाणं लागतं. मी त्यावर हसलो होतो.

दुसरी खोड त्याच स्कोपची. आतली नेमाची खूण झूमबरोबर लहान-मोठी होते. २५ वर झकास, पण संध्याकाळी अस्पेनच्या झाडीत ५ वर आणली की खूण कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक, अंधारात दिसतच नाही. दिवा लावायचा तर बॅटरी. विकत घेताना दुकानाच्या पांढऱ्या भिंतीकडे बघून घेतो आपण, तिथं सगळंच छान दिसतं.

जुनीपण काही देव नाही हां. ऑक्टोबरच्या शेवटी ओला बर्फ पडला, दोन दिवस बाहेर फिरवली, अक्रोडाच्या लाकडानं पाणी धरलं आणि १०० वर गोळी तीन इंच डावीकडे. लाकूड फुगून नळीला टेकलं होतं. प्लास्टिकच्या दस्त्याला कुणी नावं ठेवली तर मला हा दिवस आठवतो.

मग नोव्हेंबर, मीकरच्या बाजूला, मादी एल्कचं लायसन्स. जुनीचं लाकूड फुगलेलं, म्हणून क्रीडमूरच नेली, ब्रेक काढलेली, चकतीला चिकटपट्टी लावून. अंकल सोबत, कॅम्पवर चहा करायला. दुसऱ्या दिवशी समोरच्या उतारावर अकरा एल्क, ५४० यार्ड. कॉम्प्युटरनं नेम किती वर धरायचा तो आकडा दिला, रायफल बसवली, श्वास सोडला. माझ्याकडे गवत डावीकडे वाकत होतं, दरीच्या मधोमध सेजची झुडपं उजवीकडे, आणि एल्कच्या तिथं काय ते दिसत नव्हतं. ताशी १० मैलांचा वारा एवढ्या अंतरावर गोळी फूटभर तरी ढकलतो, आणि गोळी पोचायला अर्ध्या सेकंदाहून जास्त लागतो, तेवढ्यात जनावर एक पाऊल टाकतं. रेंजवर ५४० ची पाटी मी दहात नऊदा वाजवतो. दहावी कुठे लागते ते पाटीला कळत नाही. उठलो. अंकल काही बोलले नाहीत, दुर्बीण खाली ठेवली फक्त.

आजोबा मला म्हणायचे, बार एकच घालूचो, तो पण जवळसून. तेव्हा वाटायचं काडतुसं महाग म्हणून म्हणतात.

तिसऱ्या दिवशी पहाटे तासभर चढलो, सहा किलो खांद्यावर, शिव्या देत. झाडीच्या कडेला २३० यार्डांवर एकटी मादी, आडवी उभी. झूम ६ वर, बसून, गुडघ्यावर कोपर. फासळ्यांत, खांद्याच्या जरा मागे. तीस पावलं गेली आणि बसली. गोळी पलीकडच्या कातडीखाली सापडली, तांब्याचं साल उलगडलेलं, शिसं बरंचसं झिजून गेलेलं. ते शिसं कुठे गेलं हा विचार मांस साफ करताना डोक्यातून जाईना, घरी दोन लहान पोरं खाणार. कॅलिफोर्नियात कोंडोर गिधाडांना शिशाची विषबाधा व्हायची म्हणून २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी बंदच आहे. आपल्याकडे डायक्लोफेनॅकनं गिधाडं संपली ते बघितलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. पुढच्या वर्षी दोन्हींत नुसत्या तांब्याच्या गोळ्या. त्या तेवढ्याच वजनात लांब असतात, त्यामुळे क्रीडमूरचा जलद पीळ इथं कामाला येईल, थर्टी-ऑट-सिक्सला १५० किंवा १६५ ग्रेन बास.

मांस चार फेऱ्यांत खाली आणलं, पहिल्या फेरीत रायफल सोबत होती, पुढच्या तीन फेऱ्यांत ती अंकलकडे. खिमा कोल्हापुरी मसाल्यात उत्तम होतो, चरबी कमी म्हणून तेल जरा सढळ घाला.

तर काय घ्यावं? काडतूस म्हणून क्रीडमूरला माझी काही तक्रार नाही, नवख्या माणसाला तर मी हेच सांगेन. तक्रार त्या पॅकेजबद्दल आहे, चेसिस, पंचवीसचा झूम, हजार यार्डांची स्वप्नं. घरात आधीच थर्टी-ऑट-सिक्स असेल आणि ३०० च्या आत मारत असाल तर पैसे काडतुसांत घाला, २० च्या डब्याला मला ४० डॉलरच्या आसपास पडतात, सहा किलोच्या रायफलीच्या पैशात दोनेक हजार गोळ्या येतात. माझी चेसिसवाली रेंजसाठी ठेवतोय, स्कोप विकायला काढलाय, आणि साध्या दस्त्याची तीन किलोची ६.५ बघतोय.

त्यात एक गंमत झाली. अंकल नऊ महिने माझ्या क्रीडमूरला मॅन-बन म्हणत होते, म्हणजे शेंडी बांधलेल्या शहरी पोरांचं काडतूस. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी रेंजवर म्हणाले, जरा दे बघू. दोन गोळ्या मारल्या, ऑपरेशन झालेला खांदा चोळला, मग लक्षात आलं की चोळायची गरजच नाही. तिसरी मारली. चौथी मारली. डबा संपवला म्हाताऱ्यानं. परत येताना गाडीत बराच वेळ गप्प, मग खिडकीतून बाहेर बघत विचारलं, ती तीन किलोवाली बघतोयस ना, दोन घेतल्या तर काही कमी करेल का रे तो?