सेफारिया: ‘ज्युबिली’चं मूळ शोधायला किती कामाचं?

‘ज्युबिली’ मूळचा हिब्रू की लॅटिन? हा प्रश्न घेऊन सेफारिया या ज्यू ग्रंथांच्या मोफत संकेतस्थळावर गेलात, तर अर्धं उत्तर फार सुरेख मिळतं. उरलेल्या अर्ध्यासाठी दुसरं दार ठोठवावं लागतं.

सुरुवात बायबलातल्या लेवीय 25:10 पासून करा. शब्द टंकून शोधू नका. हिब्रूत ‘हा’, ‘ब’ असे उपसर्ग शब्दाच्या सुरुवातीला चिकटून येतात आणि नवख्याची तिथेच फसगत होते. मूळ ओळ उघडून ‘योवेल’ (‘ज्युबिली’साठीचा हिब्रू शब्द) एवढा एकच शब्द निवडा, शेजारी कोश उघडतात. त्यातला ब्राउन-ड्रायव्हर-ब्रिग्ज (1906) आधी वाचा. त्यात मेंढा, मेंढ्याचं शिंग, आणि मग ते फुंकून जाहीर करायचं पन्नासावं वर्ष, असा अर्थाचा प्रवास दिसतो. यहोशवा 6:5 मध्ये तर नुसतं शिंगच आहे, वर्षाचा संबंध नाही.

या संग्रहाची खरी श्रीमंती रोश हशाना 26अ या तालमुदाच्या (ज्यू धर्मचर्चांच्या प्राचीन ग्रंथाच्या) पानावर कळते. तिथे रब्बी (ज्यू धर्मगुरू) अकिवा सांगतात की अरबस्तानात मेंढ्याला ‘योव्ला’ म्हणतात. शब्दार्थाचा असा बोलीतला पुरावा नुसत्या कोशात हाती लागत नाही. एवढ्यासाठी तरी हे संकेतस्थळ वापराच.

अडचण दोन ठिकाणी येते. कोशातले अर्थ इंग्रजीत आणि संक्षेपांनी खच्चून भरलेले आहेत. शिवाय हा ज्यू ग्रंथांचा संग्रह, त्यामुळे लॅटिन बाजू इथे शोधू नये.

तिच्यासाठी टफ्ट्स विद्यापीठाचं पर्सियस हे ग्रीक-लॅटिन ग्रंथांचं संकेतस्थळ उघडा. लुइस आणि शॉर्टच्या लॅटिन कोशात (1879) ‘युबिलारे’ हा शब्द ‘आय’ऐवजी ‘जे’ अक्षराखाली आहे. ‘युबिलारे’ म्हणजे मोठ्याने हाळी देणं. रोमन पंडित व्हॅरो म्हणतो, शहरी माणसाचं ओरडणं ते ‘क्विरितारे’, खेडुताचं ते ‘युबिलारे’. मेंढ्याशी याचं नातं नाही. सेप्टुअजिंट या हिब्रू बायबलाच्या ग्रीक भाषांतराने ‘योवेल’साठी ‘सुटका’ या अर्थाचा ‘आफेसिस’ घेतला. जेरोमच्या लॅटिन बायबलात मात्र ‘युबिलाएउस’ आला, आणि ‘यो’चा ‘यु’ झाला तो याच ‘युबिलारे’च्या ओढीने. दोन वेगळे शब्द एकमेकांत मिसळले ते असे.

मराठीत दोन्ही वाटा दिसतात. मराठी बायबलात हिब्रूजवळचं ‘योबेल’ आहे, तर 1887 मध्ये मुंबईत निघालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटच्या तेव्हाच्या नावात लॅटिनमार्गे आलेली ‘ज्युबिली’ होती.