पीएमपी: वीकेंड क्लास की रेकॉर्डेड कोर्स?

पीएमपी म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजरचं सर्टिफिकेट, त्याच्या परीक्षेसाठी इंदुरात विजयनगरला वीकेंड क्लास लावायचा की घरबसल्या रेकॉर्डेड कोर्स घ्यायचा? परीक्षेला बसायची ३५ तासांच्या ट्रेनिंगची अट दोन्हीत भागते, फक्त रेकॉर्डेडला शेवटी टेस्ट हवी, नुसती पुस्तकं वाचून ते तास मिळत नाहीत. क्लासात वाद घालता येतो, म्हणजे टीममधला एकजण काम टाळतोय तर आधी त्याच्याशी बोलायचं की वर कळवायचं, असले चारही पर्याय बरोबर वाटणारे प्रश्न एकट्याने सुटता सुटत नाहीत. पण २०२६ च्या नव्या पेपरात बिझनेस एन्व्हायर्नमेंट हा भाग ८ वरून २६ टक्क्यांवर गेलाय, सर जुन्याच स्लाइड्स फिरवत असतील तर अपडेटेड रेकॉर्डेड बरा. फक्त रविवारी पोहे-जिलेबी हाणल्यावर लॅपटॉप उघडणार कोण? माझं मत क्लासलाच, नवा सिलॅबस आहे ना ते डेमोतच विचारून घ्या.