सही न केलेल्या शत्रूचे कैदी : १९२९ चा करार आणि १९४९ चा

समोरच्या देशाने करार मान्यच केला नसेल, तर त्याच्या पकडलेल्या सैनिकांना कसं वागवायचं? युद्धकैद्यांविषयीच्या जिनिव्हाच्या दोन करारांची, १९२९ च्या आणि १९४९ च्या, उत्तरं वेगळी आहेत.

१९२९ चं कलम ८२ म्हणतं : युद्धात एखादा देश कराराबाहेरचा असला, तरी करारातल्या देशांनी तो आपापसांत पाळायचाच. युद्धाचे नियम ठरवणाऱ्या १९०७ च्या हेग करारापेक्षा हे पुढचं पाऊल होतं. तिथे लढणारा एक जरी बाहेरचा निघाला, तर त्या कराराच्या बंधनातून सगळेच मोकळे. पण त्या बाहेरच्या देशाच्या कैद्यांचं काय, यावर कलम ८२ गप्प. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने नेमकी हीच फट धरली, कारण सोव्हिएत संघाने हा करार स्वीकारला नव्हता. जर्मन लष्करी गुप्तचर प्रमुख कानारिस यांनी सप्टेंबर १९४१ मध्ये लेखी बजावलं, की करार नसला तरी कैद्यांना जपणारे युद्धाचे रूढ नियम लागू आहेतच. जर्मन सैन्याच्या सर्वोच्च मुख्यालयाचे प्रमुख कायटेल यांनी ते फेटाळलं. सुमारे ५७ लाख सोव्हिएत कैद्यांपैकी जवळपास ३३ लाख भुकेने, थंडीने, रोगाने, गोळ्यांनी मेले. पुढे नाझी नेत्यांवरच्या न्यूरेंबर्ग खटल्यात न्यायाधीशांनी कानारिस यांचंच म्हणणं कायद्याला धरून असल्याचं ठरवलं.

१९४९ चं कलम २ ही फट बरीच बुजवतं. बाहेरच्या देशाने तरतुदी स्वीकारून पाळल्या, तर सही केलेल्यांवरही त्याच्याबाबतीत बंधन येतं. मला हेच कलम उजवं वाटतं. तरी त्यातलं ‘पाळल्या तर’ खुपतं : आपल्या सरकारने काय स्वीकारलं, हे तारांमागे उपाशी बसलेल्या सैनिकाच्या हातात कुठे असतं?